प्रश्न अकरावा

तिसरा मजला. लिफ्ट नाही.
जिन्यावर विझवायच्या पावडरचा पांढरा थर,
दारावर तोरण, अर्धं जळालेलं,
अर्धं गेल्या दसऱ्याचं तसंच.

हेमलता तापकीर म्हणाल्या, या,
चपला असू द्यात, खाली काचा आहेत.
पॉलिसी त्यांनी दुधाच्या पिशवीत घालून
गव्हाच्या डब्यात खुपसून ठेवली होती.
ती वाचली. गहूही वाचले.

मी ओट्याखाली वाकलो.
विम्याच्या सर्व्हेअरचं काम म्हणजे वाकणंच.
नळी: नारिंगी, मुदत संपून दोन वर्षं.
रेग्युलेटर: मूठ वितळलेली.
टाकी एक, ओट्याखाली.
टाकी दोन, मोरीत, ओल्या पोत्यात,
तापाच्या पोरासारखी गुंडाळलेली.
टाकी तीन पलंगाखाली. आडवी.
आडवी ठेवू नये हो बाई.
उभी केली की दिसते ना, त्या म्हणाल्या.

मग मी ते सांगितलं जे सगळ्यांना सांगतो:
हा हवेपेक्षा जड असतो.
धुरासारखा वर जात नाही, खाली उतरतो,
फरशीवर बसून राहतो
कुणीतरी दिव्याचं बटण दाबेपर्यंत.
तुमच्या त्या वरच्या झरोक्याचा
त्याला काही उपयोग नाही.
आणि वास त्याचा नसतोच मुळात,
तो मुद्दाम मिसळतात. आपल्याला कळावं म्हणून.

आला होता वास, त्या म्हणाल्या.
वाटलं, कोबी नासला.
पहाटे साडेचारला, एवढ्या पोळ्या समोर असताना
कोण हुंगत बसतं?

एवढ्या म्हणजे किती?
माझं पेन उघडंच होतं.

त्या गप्प.
गॅलरीच्या कठड्यावर डबे पालथे घातलेले,
झाकणांवर नेलपॉलिशनं लिहिलेलं:
सुयश. उदगीरवाला. कमी तिखट.
शनिवारी नको. कमी तिखट दोन.
मी मोजले. सवय आहे.
बेचाळीस.

फॉर्मवरचा प्रश्न अकरावा:
घरगुती सिलिंडरचा व्यावसायिक वापर. होय, नाही.
एका खुणेवर फ्रिज, मिक्सर, भिंतीचा रंग,
सगळं एकदम परत जळतं.

हे डबे?
घरचेच.
बेचाळीस?
मोठं आहे हो कुटुंब.
आणि हसल्या.
भुवया जळालेलं माणूस हसलं
की चेहरा नेमकं काय म्हणतोय
ते कळत नाही.

शेजारच्या शमीमबींकडून चहा आला.
त्यांच्या ओट्याखाली मी वाकलो नाही.
चहा पिताना वाकायचं नसतं.
माझ्याही घरी, आंबेगाव पठारला,
जास्तीची एक टाकी आहे,
वॉशिंग मशीनच्या मागे, जुन्या चादरीखाली.
बायको म्हणते, लग्नसराईत नंबर लावला
तर पाहुणे जेवून जातात नि मग टाकी येते.
मी हप्ता वेळेवर भरतो
आणि त्या कोपऱ्यात केर काढत नाही.

खाली आलो. स्कूटरच्या सीटवर फॉर्म ठेवला.
गॅलरीत डबे, नग बेचाळीस, असं लिहिलं.
खोडलं.
खोडलेलंही वाचता येतंय, हे बघितलं.
धनकवडीच्या चढावर रिक्षा कण्हत होत्या,
कुणाचा तरी कुकर तिसरी शिट्टी देत होता,
प्रश्न अकरावा कोराच.

तेवढ्यात वरून हाक:
अहो साहेब, ती नळी, कुठली आणू म्हणालात?

आयएसआयची, मी ओरडलो. तारीख बघून घ्या.
पाच वर्षं चालते.

पाच वर्षं, त्या वरून म्हणाल्या,
शमीमबींना सांगितलं, पाच वर्षं म्हणतात,
आणि कठड्यावरचा एक डबा उचलून
पदरानं आतून पुसायला लागल्या.